डब्यावरची खूण पुसू नका

१९५८ च्या उन्हाळ्यात केरळात गव्हाच्या पिठाचे पदार्थ खाऊन शंभरांहून अधिक माणसे दगावली. पीठ नासलेले नव्हते. त्यात कोणी मुद्दाम काही कालवलेही नव्हते. झाले होते ते एवढेच, की फॉलिडॉल या नावाने विकले जाणारे पॅराथिऑन हे कीटकनाशक आणि खाण्याचा माल एकाच जहाजातून, एकाच कोठारात भरून आला. वाटेत फॉलिडॉल गळले, पोत्यांत मुरले, आणि ती पोती नेहमीसारखी उतरवून बाजारात गेली. हमाल, दुकानदार, घरची गृहिणी अशा कितीतरी हातांतून ते पीठ गेले असेल. पिठाकडे पाहून त्यातले विष ओळखता येईल असे काहीच नव्हते.

या प्रकरणाच्या चौकशीसाठी भारत सरकारने आयोग नेमला. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा हे त्याचे प्रमुख होते. पुढे दहा वर्षांनी, १९६८ साली, कीटकनाशकांचा कायदा झाला आणि १९७१ मध्ये त्याचे नियम आले. आज आपण कृषी सेवा केंद्रातून औषधाची बाटली आणतो तेव्हा तिच्यावर जो रंगीत चौकोन दिसतो तो या नियमांतला आहे. कीटकनाशकाची ने-आण किंवा साठवण अन्नाला वा जनावरांच्या चाऱ्याला स्पर्श होईल अशा रीतीने करू नये, आणि वाटेत ते सांडून अन्नात मिसळले तर त्या अन्नाची तपासणी झाल्याखेरीज ते कोणाला देऊ नये, असे त्याच नियमांत स्पष्ट लिहिले आहे. माल वाटेत गळला तर विषबाधा टाळण्याची तातडीची जबाबदारी वाहतूकदारावर किंवा गोदामाच्या मालकावर टाकली आहे. केरळातल्या त्या पिठाची आठवण ठेवून हे नियम वाचले म्हणजे त्यांतला एकेक शब्द का आला ते समजते.

तर आधी तो चौकोन नीट पाहू. तो टोकावर उभा केलेला असतो, पतंगासारखा. मधोमध आडवी रेघ मारून त्याचे दोन त्रिकोण केलेले असतात. वरच्या त्रिकोणात शब्द, खालच्यात रंग. लाल रंग म्हणजे अत्यंत विषारी. त्याच्या वर कवटी व दोन हाडे आणि ‘पॉयझन’ म्हणजे विष हा शब्द. पिवळा म्हणजे अतिविषारी. तिथेही ‘पॉयझन’ असते, पण कवटी नसते. निळा म्हणजे मध्यम विषारी, वर ‘डेंजर’. हिरवा म्हणजे कमी विषारी, वर ‘कॉशन’, म्हणजे जपून वापरा. सगळ्या खुणेत ही एवढीच चार पायऱ्यांची शिडी आहे. आठवड्याच्या बाजाराला जाणाऱ्या शाळकरी मुलालाही ती पाच मिनिटांत शिकवता येते.

रंग ठरतात कसे? प्रयोगशाळेत जनावरांना ते द्रव्य पोटातून देतात आणि त्यांतली निम्मी ज्या मात्रेने मरतात ती मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम पडते ते मोजतात. एक ते पन्नास मिलिग्रॅम असेल तर लाल, एक्कावन्न ते पाचशे पिवळा, पाचशे एक ते पाच हजार निळा, त्यापुढे हिरवा. आकडा जितका लहान तितके विष जहाल, हे ध्यानात ठेवावे; पुष्कळांचा इथे उलट समज होतो. हिशेब माणसाला लावून पाहिला तर अंदाज येतो. पन्नास किलो वजनाच्या माणसाला लाल पट्ट्यातली अगदी वरची मात्रासुद्धा अडीच ग्रॅम होते. म्हणजे चहाचा अर्धा चमचा. मोनोक्रोटोफॉस आणि धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या या लाल गटातल्या. क्लोरपायरिफॉस, क्विनॉलफॉस पिवळ्यात, मॅलाथिऑन निळ्यात आणि बटाट्याच्या करप्यावर मारतात ते मॅन्कोझेब हिरव्यात.

मात्र रंगावर आंधळा विश्वास ठेवू नये. पॅराक्वाट हे तणनाशक पिवळ्या गटात मोडते, लाल नव्हे. पण ते एखाद-दोन घोट जरी पोटात गेले तरी फुप्फुसे हळूहळू निकामी होतात, आणि त्यावर उतारा नाही. माणूस पहिले एक-दोन दिवस बोलतो, चालतो, आणि घरच्यांना वाटते संकट टळले. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक नव्हे. ‘हिरवे आहे, काही होत नाही,’ असे म्हणत उघड्या हाताने बादलीत औषध ढवळणारे लोक आपल्या शिवारात पुष्कळ आहेत.

बेळगाव-खानापूर पट्ट्यात आणखी एक अडचण आहे. डब्यावरचा मजकूर हिंदी, इंग्रजी आणि एक-दोन प्रादेशिक भाषांत छापावा असा नियम. इथल्या दुकानातल्या बाटलीवर ती प्रादेशिक भाषा कन्नड असते आणि घरातली थोरली माणसे वाचतात मराठी. चंदगडच्या बाजारातून आणलेल्या बाटलीवर मराठी मिळते. मग तीच बाटली घाट उतरून गोव्यात गेली की तिथल्या मजुराला तीही वाचता येतेच असे नाही. कोणती भाषा हवी या वादात इथे पडायचे कारण नाही. पण रंग आणि कवटी यांना भाषा लागत नाही, आणि त्यासाठीच त्या घातल्या आहेत. बाटलीच्या आत किंवा खोक्यात घडी घातलेले एक पत्रक असते. त्यात मात्रा, लक्षणे, प्रथमोपचार व उतारा दिलेला असतो. बहुतेक घरांत ते खोक्याबरोबरच फेकले जाते. ते काढून कॅलेंडरमागे अडकवून ठेवावे.

आपल्या बोलीतही एक खोच आहे. डब्यावर ‘विष’ छापलेले असते आणि आपण त्याला औषध म्हणतो. ‘औषध मारले’, ‘औषध संपले’, ‘औषध आण’. तापाचेही औषध आणि अळीचेही औषध. मोठ्या माणसाला फरक कळतो. सहा वर्षांच्या पोराला तो कळेलच असे नाही. ‘औषध प्याला’ हे शब्द आपल्याकडे कशासाठी वापरतात तेही सर्वांना ठाऊक आहे. म्हणून कडीकुलपाची सोय करा असे सांगावे लागते. घरात कोणी खचलेले, गप्प गप्प राहणारे असेल तर त्या दिवसांत डबा घरात ठेवूच नये. शेजाऱ्याच्या कुलपात ठेवावा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कीटकनाशक दुधासारखे पांढरे असते, तेलासारखे पिवळे असते, पाण्यासारखे पारदर्शक असते. त्याची ओळख त्याच्या अंगावर नसते, डब्यावर असते. डबा बदलला की ओळख गेली. आणि डबा बदलण्याचे प्रसंग आपण रोज घडवून आणतो. एक लिटरची बाटली महाग पडते म्हणून चौघे मिळून घेतात आणि पाव-पाव लिटर वाटून घेतात. वाटून घेताना कोणाकडे खोकल्याच्या औषधाची बाटली असते, कोणाकडे शीतपेयाची, कोणाकडे पाण्याची. दुकानदारही कधी ओळखीच्या गिऱ्हाईकाला सुटे देतो. बंद डब्यात आणि छापील चिठ्ठीसह असल्याखेरीज कीटकनाशक विकताच येत नाही, हे तो जाणून असतो. उंदराचे औषध तर कागदाच्या पुडीत मिळते. सायकलवरून फिरून संडास-मोरीसाठी अ‍ॅसिड विकणारे लोक जुन्या पाण्याच्या बाटल्यांत ते भरून देतात. दुपारी शेतावरून तहानलेला आलेला माणूस कोनाड्यातल्या बाटलीवर काय लिहिले आहे हे वाचत बसत नाही.

बिहारमधल्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी १६ जुलै २०१३ रोजी शाळेतले मध्यान्ह भोजन घेऊन २३ मुले मेली. न्यायवैद्यक तपासणीत तेलात व अन्नात मोनोक्रोटोफॉस सापडले. स्वयंपाकिणीला तेलाबद्दल शंका आली होती, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. केरळनंतर पंचावन्न वर्षे उलटली होती, कायदा झाला होता, नियम झाले होते, आणि तरी कढईपर्यंत पोचलेल्या विषाला अडवायला तिथे कोणतीही खूण उरली नव्हती.

बाजाराच्या दिवशी आपल्या माणसांच्या पिशव्या पाहाव्यात. खाली क्लोरपायरिफॉसची बाटली, वर पाव-बटर, मुलांसाठी चिरमुरे, शेजारी सुकी मासळी. मोटारसायकलला एकच पिशवी लटकते, त्याला तरी इलाज काय, असे कोणी म्हणेल. इलाज आहे. औषधाची बाटली वेगळ्या पिशवीत, बूच वर येईल अशी उभी, आणि खाण्याच्या जिनसांपासून दूर. मोटारसायकलच्या दुसऱ्या बाजूला अडकवली तरी चालेल. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पेंडीच्या पोत्यांवर औषधाचे खोके ठेवू नये. केरळात जहाजाच्या कोठारात जे घडले ते ट्रॉलीतही घडू शकते. आगगाडीतून प्रवासी म्हणून असा माल नेणे तर १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे गुन्हाच आहे.

कारखान्यापासून दुकानापर्यंत हाच माल मोठ्या पिंपांतून, कॅनमधून, पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येतो, आणि त्यांवर वेगळ्या प्रकारच्या खुणा असतात. त्या साऱ्या जगात जवळजवळ सारख्याच आहेत, कारण १९५६ साली संयुक्त राष्ट्रांनी धोकादायक मालाच्या वाहतुकीसंबंधी शिफारशी प्रसिद्ध केल्या आणि बहुतेक देशांनी त्या आपापल्या कायद्यांत घेतल्या. त्या पुस्तकाला त्याच्या वेष्टनावरून लोक नारिंगी पुस्तक म्हणतात. त्यात धोक्याचे नऊ वर्ग केले आहेत. स्फोटके एक, वायू दोन, पेटणारे द्रव तीन, पेटणारे घन पदार्थ चार, दुसऱ्याला पेटायला मदत करणारे पदार्थ पाच, विषारी व रोगजंतू असलेले पदार्थ सहा, किरणोत्सर्गी सात, जाळणारे आम्ल वगैरे आठ, आणि उरलेले नऊ. खूण पुन्हा पतंगाच्याच आकाराची, पण अखंड. तिचे दोन त्रिकोण केलेले नसतात. खालच्या कोपऱ्यात वर्गाचा आकडा. लाल पतंगावर ज्योत म्हणजे पेट्रोलसारखा द्रव. पांढऱ्यावर कवटी म्हणजे विष. खालचा अर्धा काळा, आणि वर नळीतून हातावर व धातूवर थेंब पडताहेत असे चित्र, म्हणजे आम्ल. पिंपावर मेलेला मासा आणि निष्पर्ण झाड काढलेले असेल तर तो माल ओढ्या-तळ्यांना घातक असतो. विहिरीच्या काठावर पंप धुणाऱ्यांनी ते चित्र एकदा निरखून पाहावे.

याखेरीज पिंपाच्या किंवा कॅनच्या अंगावरच उमटवलेली आणखी एक खूण असते. ती मालाची नव्हे, भांड्याची. वर्तुळात एकाखाली एक ‘यू’ आणि ‘एन’ ही इंग्रजी अक्षरे, आणि त्यापुढे आकडे-अक्षरांची रांग. समजा ३एच१, मग वाय१.४, मग १५०, मग २४, मग आयएनडी. पहिला ३ म्हणजे कॅन. पिंप असते तर १, खोके असते तर ४, पोते असते तर ५. एच म्हणजे प्लॅस्टिक; ए असते तर पोलाद, जी असते तर पुठ्ठा. शेवटचा १ म्हणजे लहान तोंडाचे, न उघडणाऱ्या माथ्याचे भांडे. २ असेल तर सबंध झाकण निघते. वाय हे अक्षर मजबुतीचे आहे. भांडे भरून खाली टाकून पाहतात: नेहमीच्या द्रवांसाठी एक्स असेल तर १.८ मीटरवरून, वाय असेल तर १.२ मीटरवरून आणि झेड असेल तर ०.८ मीटरवरून. तेवढ्या उंचीवरून पडून गळले नाही तरच ते अक्षर मिळते. एक्सचे भांडे सर्वांत जहाल मालालाही चालते, झेडचे फक्त सौम्य मालाला. १.४ म्हणजे पाण्याच्या १.४ पट जड द्रवापर्यंत ते भांडे चालेल. १५० हा आतून दिलेल्या दाबाचा आकडा, २४ म्हणजे २०२४ साली बनलेले आणि शेवटी देशाचे नाव, भारत. आपल्या देशात निर्यातीच्या अशा भांड्यांची कसोटी घेऊन दाखला देणारी मुख्य संस्था मुंबईत आहे: १९६६ साली स्थापन झालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग.

प्लॅस्टिकच्या पिंपावर किंवा कॅनवर आणखी एक लहान वर्तुळ दिसते, घड्याळाच्या तबकडीसारखे, बारा आकडे आणि एक बाण. तो कारखान्यातून निघाल्याचा महिना. याचा उपयोग असा, की प्लॅस्टिकची पिंपे व कॅन धोकादायक मालासाठी बनल्यापासून साधारणपणे पाच वर्षेच वापरायची असतात. प्लॅस्टिक ऊन खाऊन ठिसूळ होते, आणि आतला माल हळूहळू त्याच्या अंगात मुरतो.

हे मुरणे महत्त्वाचे आहे, कारण पाच वर्षे सरली, माल संपला, की ही पिंपे जातात कुठे? आपल्या अंगणात. निळी पिंपे, काळ्या झाकणाची आणि लोखंडी पट्टीची, भंगार बाजारातून निम्म्या किमतीत मिळतात. उन्हाळ्यात नळाला चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावांत प्रत्येक दारापुढे एक असते. लग्नकार्य असो, गावचे फेस्त असो, उत्तरकार्याचे जेवण असो, पाणी साठवायला तीच. कोणी त्यात भात भिजवतो, कोणी गाईसाठी पेंड कालवतो. विकणारा म्हणतो, सोडा टाकून दोन वेळा धुतलेले आहे. पृष्ठभागावरचे धुतले जाते. प्लॅस्टिकच्या अंगात शिरलेले द्रावक आणि तेलकट विषे सोडा-साबणाने निघत नाहीत. ती पाण्यात थोडी थोडी उतरत राहतात, आणि ऊन तापले की अधिक.

असे पिंप घेताना काय पाहावे? वर्तुळातली यू-एन खूण असेल तर ते भांडे धोकादायक माल नेण्याइतके मजबूत बनवले होते एवढे नक्की. त्यात प्रत्यक्ष काय होते ते या खुणेवरून सांगता येत नाही. काय होते ते सांगणारी चिठ्ठी वेगळी चिकटवलेली असते, आणि भंगारवाला ती खरवडून टाकतो. जिथे चिठ्ठी खरवडल्याचा चौकोनी डाग दिसतो तिथे विकणाऱ्याला विचारावे, आणि उत्तर काहीही मिळाले तरी पिण्याच्या पाण्यासाठी ते पिंप घेऊ नये. आंब्याचा रस, ग्लुकोजचे पातळ असे खाण्याचे पदार्थही अशाच पिंपांतून जातात आणि त्यांची पिंपेही बाजारात येतात. पण त्यांच्यावरची मूळ चिठ्ठी शाबूत असेल तरच त्यांचा विचार करावा. मला विचाराल तर पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यासाठी नवेच पिंप घ्यावे, आणि पैसे कमी पडत असतील तर पितळी हंडे-कळशा माळ्यावरून खाली काढाव्यात. जुन्या पिंपाचा उपयोग झाडांच्या आळ्यांना पाणी घालण्यासाठीही जपूनच करावा. पालेभाजीच्या वाफ्याला तर नकोच.

रस्त्यावर चालती-फिरती पिंपेही आहेत. पुण्याहून बंगळूरला जाणारा महामार्ग निपाणी-बेळगावावरून जातो आणि त्यावरून रात्रंदिवस टँकर धावतात. मोटार वाहनांचे १९८९ चे केंद्रीय नियम सांगतात, की धोकादायक माल नेणाऱ्या गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे माहितीचा फलक हवा. त्यावर मालाचे नाव किमान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, वर्गाचा आकडा किमान १०० मिलिमीटर उंच, २५० मिलिमीटर चौरसाची पतंगी खूण, आणि संकटात कोणाला कळवायचे त्याचा दूरध्वनी. चालकाजवळ त्या मालासंबंधी लेखी सूचना असल्या पाहिजेत. फलकावर चार आकडी क्रमांकही दिसतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ स्वयंपाकाचा गॅस, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन. क्रमांकाच्या जोडीला आकडे-अक्षरांचा एक छोटा संकेत असतो. तो अग्निशामक दलासाठी. पण त्याच्या शेवटी इंग्रजी ‘ई’ असेल तर आसपासची माणसे हलवण्याचा विचार करावा असा त्याचा अर्थ, आणि तो आपल्यालाही कळलेला बरा.

गोव्यात वास्कोजवळ चिखली येथे जानेवारी २०१८ मध्ये अमोनियाचा टँकर उलटला आणि भल्या पहाटे आसपासच्या लोकांना घरे सोडावी लागली. केरळात कण्णूरजवळ चाला येथे २७ ऑगस्ट २०१२ च्या रात्री गॅसचा टँकर उलटला, गॅस पसरला, मग पेटला, आणि २० माणसे गेली. त्यांतली बरीचशी रस्त्यावरची नव्हती, रस्त्याकडेच्या घरांतली होती. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत सरपटत सखल भागात साचतो, आणि दूरच्या चुलीवरही पेट घेतो. अशा वेळी गाडी सुरू करू नये, दिवा लावू नये की विझवू नये. वाऱ्याला आडवे किंवा वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, उंच भागाकडे चालत जावे. लांबून फलक वाचता आला तर चार आकडी क्रमांक पाठ करावा आणि ११२ वर तोच आधी सांगावा. ‘टँकर पलटी झालाय’ एवढ्याने बंबवाल्याला पाणी आणायचे की फेस ते कळत नाही; ‘१२०३ आहे’ म्हटल्यावर कळते. आणि सांडलेले पेट्रोल-डिझेल भरायला कळशी घेऊन धावणाऱ्यांना, हात धरून का होईना, अडवावे. पाकिस्तानात अहमदपूर शर्किया येथे २५ जून २०१७ रोजी उलटलेल्या टँकरचे तेल गोळा करताना दोनशेहून अधिक माणसे जळून मेली.

जाता जाता घरातल्या सिलिंडरविषयी. त्याच्या मुठीला धरणाऱ्या उभ्या पट्ट्यांपैकी एकीवर आतल्या बाजूने एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आकडे सालाचे. त्या मुदतीपर्यंत सिलिंडरची फेरतपासणी व्हायला हवी. मुदत उलटलेले सिलिंडर दारात आले तर परत पाठवावे. बदलून देणे हे वितरकाचे काम आहे.

विषबाधा झालीच तर डब्यावरच्या त्या चिठ्ठीचा सर्वांत मोठा उपयोग डॉक्टरांना होतो. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस यांसारख्या फॉस्फरसयुक्त विषांत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम सुटतो, छाती भरून येते. त्यावर अ‍ॅट्रोपीन टोचतात आणि प्रॅलिडॉक्साइम देतात. उंदराच्या काही गोळ्यांनी रक्त गोठेनासे होते; त्यावर व्हिटॅमिन के. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडला उतारा नाही. तिथे रक्तदाब आणि हृदय सांभाळत बसावे लागते आणि एकेक मिनिट मोलाचे असते. ‘शेतातले औषध पोटात गेले’ एवढ्यावरून डॉक्टरांनी काय ओळखावे? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. मजुराच्या पाठीवरच्या पंपात मालकाने काय काय मिसळले होते हे मजुराला कोठून ठाऊक असणार? डबा त्याने पाहिलेलाच नसतो. म्हणून फवारणीला माणूस लावताना त्याला डबा दाखवावा, नाव सांगावे आणि फवारणी संपेपर्यंत डबा बांधावर ठेवावा, झुडपात भिरकावू नये.

दवाखान्यात जाताना डबा बरोबर न्यावा, बूच घट्ट लावून, प्लॅस्टिकच्या पिशवीत. तो गळका असेल तर निदान चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढावा: नाव, टक्केवारी, रंग आणि उताऱ्याचा मजकूर. अंगावर सांडले असेल तर कपडे उतरवून साबणाने आंघोळ घालावी. पुसणाऱ्यानेही हात सांभाळावेत. मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याची जुनी रीत आहे ती सोडावी. बहुतेक पातळ औषधे रॉकेलसारख्या द्रावकात विरघळवलेली असतात; उलटी होताना ती फुप्फुसात शिरतात आणि एका संकटाची दोन होतात. बेशुद्ध माणसाला कुशीवर निजवून १०८ ला बोलवावे. तालुक्याच्या डॉक्टरांना शंका असेल तर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत विषबाधेविषयी सल्ला देणारे राष्ट्रीय केंद्र आहे. त्यांना दूरध्वनी करून विचारता येते.

राहिला रिकामा डबा. संडासाला नेण्यासाठी, भिंतीवर तुळस लावायला, डिझेल आणायला, गोठ्यात पाणी न्यायला, एवढ्या सगळ्या कामांना तो बरा पडतो म्हणून तो फेकवत नाही, हे समजण्यासारखे आहे. नियमात मात्र तो फोडून वस्तीपासून दूर पुरावा असेच आहे. रीत अशी. शेवटचा थेंब पंपात निथळू द्यावा. पाव डबा पाणी घालून बूच लावून अर्धा मिनिट हलवावे आणि ते पाणी पंपातच ओतावे. असे तीन वेळा. ते पाणी ओढ्यात जाऊ नये, शेतावरच फवारले जावे. औषधही वाया जात नाही. मग बुडाला आणि कुशीला खिळ्याने किंवा पहारीने भोके पाडावीत, पायाखाली चेपावे, आणि विहीर, कूपनलिका, ओढा यांपासून लांब, डुकरे-कुत्री उकरणार नाहीत इतके खोल पुरावे. जाळू नये, धुरातही विष असते. चिठ्ठी मात्र शेवटपर्यंत डब्यावरच असू द्यावी. पुरलेला डबा उद्या नांगराला लागून वर आला, तर तो कशाचा होता हे नांगरणाऱ्याला कळले पाहिजे.